व्होकेशनल शिक्षणातली गळती आणि वाटून घेतलेलं नेतृत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटून घेतलेलं नेतृत्व म्हणजे नक्की काय? कामं तर आमच्याकडेही वाटलेलीच असतात.

कामं वाटलेली असतात, निर्णय वाटलेले नसतात. परीक्षा एका सरांकडे, स्टोअर दुसऱ्यांकडे, प्लेसमेंट तिसऱ्यांकडे हे सगळीकडे असतं, पण काहीही वेगळं करायचं म्हटलं की कागद फिरून फिरून प्राचार्यांच्याच टेबलावर येतो आणि सहीसाठी थांबतो. वर्कशॉपच्या सरांना दिसत असतं की अमुक मुलगा थिअरीच्या तासाला बसत नाहीये कारण त्याला लिहिलेलं नीट वाचता येत नाही आणि चारचौघात त्याची लाज वाटते, सरांना त्याची बॅच बदलून द्यायचीये, रोज अर्धा तास वेगळा घ्यायचाय, पण त्यासाठी अर्ज, मग शेरा, मग पुढच्या महिन्याची मीटिंग, आणि तोपर्यंत मुलगा यायचा बंद झालेला असतो.

वाटून घेतलेलं नेतृत्व म्हणजे हा अधिकार त्या सरांकडे असणं. ठरलेल्या मर्यादेत, न विचारता, नंतर फक्त कळवून. जेम्स स्पिलेन, पीटर ग्रॉन या अभ्यासकांनी २००० च्या आसपास ही मांडणी पुढे आणली, आणि त्यातला कामाचा मुद्दा असा की शाळा कोण चालवतंय हे बघायचं असेल तर पदांची यादी बघून कळत नाही, रोजचे निर्णय प्रत्यक्षात कोण कोण मिळून घेतंय हे बघावं लागतं.

पण याचा गळतीशी काय संबंध? मुलं तर घरच्या परिस्थितीमुळे सोडतात ना?

घरची परिस्थिती असतेच, ती कुणी नाकारत नाही. पण तशीच परिस्थिती असलेली दोन मुलं एकाच बेंचवर बसतात, एक टिकतो आणि एक जातो, तेव्हा मधल्या काळात संस्थेत काय झालं हे बघावंच लागतं.

मूल एका दिवसात सोडत नाही. आधी सोमवार बुडतात, मग प्रॅक्टिकलला येतो पण थिअरीला नाही, मग जर्नल अपुरं राहतं, मग सबमिशनच्या दिवशी गायब, मग फोन लागत नाही. ही सगळी चिन्हं कुणाला ना कुणाला दिसलेली असतात, गंमत म्हणजे प्रत्येकाला एकेक. मस्टर बघणाऱ्या क्लार्कला गैरहजेरी दिसते, स्टोअरवाल्यांना दिसतं की याने टूल किट परत करून टाकलंय, वर्कशॉपच्या मॅडमना दिसतं की मुलगी मशीनजवळ उभी राहते पण तिचा नंबर काही लागत नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनला दिसतं की पोरगा रात्री उशिरा कामावरून येतोय. प्राचार्यांना मात्र यातलं काहीच दिसत नाही, त्यांना दिसतो तो थेट वर्षअखेरचा आकडा.

म्हणजे माहिती एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे. गळतीची अर्धी गोष्ट इथेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पहिल्यांदा दिसतं त्याला काहीतरी करता आलं पाहिजे, त्याच आठवड्यात.

व्होकेशनल कोर्समध्येच हे इतकं महत्त्वाचं का?

कारण इथे मुलाचा दिवस खूप ठिकाणी विभागलेला असतो. साध्या शाळेत निदान एक वर्गशिक्षक असतो, इथे थिअरीचे वेगळे, वर्कशॉपचे वेगळे, गणित आणि ड्रॉइंगचे वेगळे, शिवाय कारखान्यातला किंवा हॉस्पिटलमधला सुपरवायझर वेगळा, आणि या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडेलच असं नाही.

दुसरं म्हणजे ट्रेडची, म्हणजे शिकायच्या व्यवसायाची निवड. कितीतरी मुलं मनात नसलेल्या ट्रेडला बसतात, हवा होता इलेक्ट्रिशियन आणि मिळाला वेल्डर, किंवा घरच्यांनी सांगितलं म्हणून भरला फॉर्म. पहिले काही आठवडे ती बघत असतात की इथे आपलं काही आहे का. कुणी विचारलंच नाही तर ती स्वतःच उत्तर शोधतात आणि जातात.

तिसरं, कमाई. वय असं असतं की थोडंसं हात चालवता येऊ लागले की बाहेर काम मिळतं, आणि बिचाऱ्याला वाटतं की कागदाची गरजच काय. अर्ध्या कौशल्यावर मिळालेलं काम बहुतेकदा अर्ध्यावरच राहतं, पण हे त्याला कुणीतरी विश्वासातल्या माणसाने वेळेवर सांगावं लागतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा वर्कशॉपमधलाच असतो.

आणि चौथी गोष्ट, जी शाळेच्या हातात पूर्णपणे नसते, ती म्हणजे कामाच्या ठिकाणची जागा. नॉर्वेमध्ये साधारण दोन वर्षं शाळा आणि दोन वर्षं अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकणं, अशी रचना आहे, आणि तिथे बरीच मुलं नेमकी या सांध्यावर गळतात, शाळा झाली पण अप्रेंटिसशिपची जागाच मिळाली नाही म्हणून. जर्मनीत शाळा आणि कंपनी दोन्ही मिळून शिकवतात, ती पद्धत जगभर नावाजली जाते, तरी तिथेही ट्रेनिंगच्या करारांपैकी पाव हिश्श्याहून जास्त करार मुदतीआधी मोडतात. त्यातले बरेच जण दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या ट्रेडला जातात, सगळेच शिक्षण सोडत नाहीत, पण तो मोडण्याचा क्षण धोक्याचा असतो आणि त्या वेळी शाळेतलं कुणीतरी तिथे हवं.

कोण सोडणार हे आधी ओळखता येतं का खरंच?

बऱ्यापैकी येतं. शिकागो विद्यापीठाच्या गटातल्या एलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये एक साधा निकष मांडला: नववीच्या, म्हणजे तिथल्या चार वर्षांच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षात मुलाने पुरेसे क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे गुणांक) मिळवलेत का आणि मुख्य विषयात एकापेक्षा जास्त वेळा नापास झालाय का, एवढंच बघायचं. जी मुलं या निकषात बसत होती, म्हणजे क्रेडिट पुरेसे आणि नापास फार तर एकदा, ती चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता बाकीच्यांच्या साडेतीनपट होती. पुढच्या कामात तर असं दिसलं की मूल पहिल्या वर्षात नापास होणार का हे आधीच्या परीक्षेतल्या मार्कांपेक्षा हजेरीवरून जास्त चांगलं कळतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बाल्फान्झ यांचीही मांडणी अशीच आहे, हजेरी, वागणूक आणि विषयातली कामगिरी या तीन गोष्टींवर नजर ठेवा.

हे सगळं सर्वसाधारण शाळांवरचं काम आहे. व्होकेशनलमध्ये त्यात आणखी काही चिन्हं धरावी लागतात जी कुठल्याच मार्कशीटवर येत नाहीत. वर्कशॉपमध्ये करायला दिलेला जॉब अर्धवट सोडून देणं, म्हणजे फायलिंग करत होता, माप चुकलं आणि नवीन पीस मागायलाच आला नाही. सेफ्टी शूज किंवा ड्रेस नाही म्हणून गेटवरूनच परत जाणं. ग्रुपमध्ये काम असेल तर कायम धरून ठेवण्याचं काम करणं आणि मशीन कधीच न चालवणं. मुलींच्या बाबतीत बॅचमध्ये एकटीच असणं, कपडे बदलायला नीट जागा नसणं, दुपारनंतरचे तास टाळणं. कंपनीत पाठवल्यावर तिकडच्या हजेरीची शीट उशिरा येणं.

पहिले सहा ते आठ आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचे, त्यानंतर दिसलेली चिन्हं बहुतेकदा उशिरा दिसलेली असतात.

नुसतं मत नको, याचा काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो समजून घेताना थोडं सावध राहिलेलं बरं, कारण कुठेही फक्त नेतृत्व बदललं आणि बाकी सगळं तसंच राहिलं असं झालेलं नाही.

मिनेसोटा आणि टोरांटो या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या वॉलेस फाउंडेशन या संस्थेसाठी केलेला मोठा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात दिसलं की शिक्षक, पालक, प्राचार्य असे सगळे मिळून निर्णयात असतात त्या सामूहिक नेतृत्वाचा मुलांच्या शिकण्याशी असलेला संबंध एकट्या प्राचार्याच्या नेतृत्वापेक्षा जास्त घट्ट आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे, इतरांचा प्रभाव वाढला म्हणून प्राचार्यांचा प्रभाव कमी होत नाही. हे प्रत्येक प्राचार्याने वाचायला हवं.

शिकागोत वर सांगितलेला निकष हातात आल्यावर शाळांमध्ये नववीच्या शिक्षकांचे गट बसायला लागले, यादी समोर ठेवून एकेका मुलावर बोलायला लागले, आणि निकषात बसणाऱ्या मुलांचं प्रमाण २००७ मधल्या ५७ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेलं.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २००३ नंतर प्रत्येक माध्यमिक शाळेत एक असा शिक्षक नेमला ज्याचं मुख्य कामच अडखळणाऱ्या मुलांकडे बघणं होतं, आणि त्याच्याभोवती प्राचार्य, समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांची टीम. सोबत २००६ पासून शाळेतच एखाद्या उद्योगक्षेत्राकडे झुकणारे कोर्सेसही आणले. पाच वर्षांत शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २००४ च्या सुमारास ६८ टक्के होतं ते २०१५ पर्यंत ८५ टक्क्यांच्या वर गेलं. पैसा आला, कोर्स बदलले, टीम आल्या, सगळं एकत्र झालं, त्यामुळे श्रेय कुणा एकाला देता येणार नाही, पण टीम नसती तर त्या पैशाचं आणि कोर्सचं काय झालं असतं याचा विचार करा.

आणि नेदरलँड्स, जिथे शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांमध्ये व्होकेशनलचा वाटा मोठा असतो. तिथे शाळा, नगरपालिका आणि मंत्रालय यांच्यात लेखी करार झाले, विभागवार समन्वय सुरू झाला, शिक्षण सक्तीचं असलेल्या वयातल्या मुलाचे चार आठवड्यांत सोळा तास बुडले की कळवणं बंधनकारक झालं. दरवर्षी नव्याने सोडणारे २००२ च्या सुमारास साधारण ७१ हजार होते, ते २०१५ पर्यंत २५ हजारांच्या आसपास आले. इथे नेतृत्व शाळेच्या भिंतीबाहेरही वाटलं गेलं, हा त्यातला शिकण्यासारखा भाग.

सुरुवात कुठून करायची? उद्यापासून करायचं तर काय करू?

एक छोटी टीम आणि आठवड्याची एक मीटिंग. टीममध्ये वर्कशॉपचा एक माणूस, थिअरीचा एक, मस्टर बघणारी व्यक्ती, कंपन्यांशी बोलणारी व्यक्ती आणि ज्याच्याकडे मुलं आपणहून बोलायला जातात असा कुणीतरी एक, तो शिपाई किंवा स्टोअरकीपर असला तरी चालेल, खरं तर त्यालाच घ्या. प्राचार्य असावेत पण अध्यक्षपद त्यांच्याकडे नसावं.

मीटिंग कशी चालते ते एकदा जवळून बघू. अर्धा तास, वार ठरलेला, वेळ ठरलेली. टेबलावर एकच कागद, त्यावर या आठवड्यात ज्यांच्याबद्दल चिन्ह दिसलं त्यांची नावं. समजा पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडची. क्लार्क सांगतात तिचे तीन सोमवार बुडाले. थिअरीचे सर म्हणतात हुशार आहे, मला काहीच अडचण दिसत नाही. वर्कशॉपच्या मॅडम म्हणतात सोमवारी वायरिंग बोर्डचं ग्रुपवर्क असतं आणि तिच्या ग्रुपमधली मुलं तिला फक्त स्क्रू आणून द्यायला सांगतात. झालं, तीन तुकडे एकत्र आले आणि दोन मिनिटांत कळलं की प्रश्न घरचा नाही, सोमवारच्या त्या टेबलाचा आहे. मॅडम तिथेच ठरवतात की पुढच्या सोमवारपासून ग्रुप बदलायचे आणि प्रत्येकाने स्वतःचा बोर्ड पूर्ण करायचा, तिच्याशी मंगळवारी मी बोलते. कागदावर नावापुढे लिहिलं जातं: कोण, काय, कधीपर्यंत. परवानगी कुणाचीच मागायची नाही. पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न हाच, की झालं का आणि ती सोमवारी आली का.

या मीटिंगमध्ये मुलाच्या घरच्यांवर, आळशीपणावर, आजकालच्या पिढीवर चर्चा सुरू झाली की कुणीतरी थांबवायचं. तो वेळ परत मिळत नाही.

कुठले अधिकार द्यायचे आणि कुठले नाही?

लिहून काढा, तोंडी ठेवू नका, तोंडी दिलेला अधिकार पहिल्या वादातच परत घेतला जातो. साधारण या गोष्टी टीमकडे किंवा त्या त्या शिक्षकाकडे असाव्यात: बॅच आणि ग्रुप बदलणं, वेळापत्रकात ठरावीक तासांपर्यंत सवलत देणं, राहिलेलं प्रॅक्टिकल किंवा सबमिशन पुन्हा घेण्याची तारीख देणं, छोट्या मदतनिधीतून शूज किंवा प्रवासासाठी लगेच मदत करणं, घरी जाऊन भेटणं, आणि कंपनीला थेट फोन करणं. यातला शेवटचा अधिकार कितीतरी ठिकाणी नसतो, शिक्षकाने सुपरवायझरशी परस्पर बोललेलं चालत नाही, आणि मग मुलगा तिकडे रडत असतो आणि इकडे पत्रव्यवहार चाललेला असतो.

प्रवेश रद्द करणं, शिस्तीची मोठी कारवाई, परीक्षेचे नियम, सुरक्षिततेचे नियम हे प्राचार्यांकडे आणि नियमाप्रमाणेच राहावेत. छळ किंवा हिंसा याबद्दल काही कळलं तर ते टीममध्ये चर्चेला न आणता लगेच ठरलेल्या जबाबदार माणसाकडे जायला हवं. पण एक बदल जरूर करा: कुठल्याही मुलाचं नाव मस्टरवरून कमी करण्याआधी टीमची नोंद हवी की काय काय करून बघितलं.

सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही असं नाही का होणार?

होतं, नाव लिहिलं नाही तर नक्की होतं. म्हणून कागदावर प्रत्येक मुलापुढे एकच नाव असतं, दोन नाहीत. निर्णय पाच जणांनी मिळून घ्या, पण त्या मुलाचा माणूस एकच असतो, आणि मुलालाही ते माहीत असतं की आपली अडचण घेऊन या सरांकडे किंवा या मॅडमकडे जायचं. ते रजेवर असतील तर कोण, हेही ठरलेलं असावं.

शिक्षकांवर आधीच इतकं काम आहे, त्यात हे कशाला?

हा आक्षेप अगदी खरा आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्या संस्थेत ही गोष्ट टिकत नाही. वेळापत्रकात वेळ द्यावा लागतो, म्हणजे या टीममधल्या माणसांचा आठवड्यातला एखादा तास खरोखर कमी करावा लागतो, तास संपल्यावर थांबा असं सांगून चालत नाही. आणि काहीतरी बंद करावं लागतं, एकच माहिती चार रजिस्टरमध्ये भरणं हे बंद करण्यासाठी सगळ्यात चांगली जागा.

पण दुसरी बाजू पण सांगतो. वर्कशॉपच्या शिक्षकांना सगळ्यात जास्त थकवा येतो तो डोळ्यासमोर पोरगं जाताना दिसतं आणि आपल्या हातात काहीच नाही याचा. हातात काहीतरी असलं की तेच काम कमी जड वाटतं.

प्राचार्यांचं मग काय उरतं?

भरपूर उरतं. दिलेला अधिकार जपणं हे पहिलं. शिक्षकाने मर्यादेत राहून एखादा निर्णय घेतला आणि तो फसला, किंवा कुणी पालक भांडायला आले, तेव्हा प्राचार्य त्याच्या पाठीशी उभे राहतात की नाही यावर सगळं अवलंबून असतं. एकदा जरी सगळ्यांसमोर निर्णय फिरवला तर पुढची दोन वर्षं कुणी निर्णय घेत नाही, जो तो पुन्हा विचारायला येतो.

बाकी मग वेळ आणि पैसा मिळवून देणं, वरच्या ऑफिसशी बोलणं, कंपन्यांशी करार करणं, टीमला न सुटणारे प्रश्न घेणं. आणि यादीतल्या एकदोन मुलांशी स्वतः बोलत राहणं, म्हणजे जमिनीवर काय चाललंय ते कळतं.

कंपनीतल्या सुपरवायझरला यात कसं आणायचं? ते तर आमच्या संस्थेतले नाहीत.

त्यांना मीटिंगला बोलवायचा हट्ट धरू नका, ते येणार नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांना पाळी सांभाळायची असते. त्यांना दोन गोष्टी द्या: एका माणसाचा फोन नंबर आणि साधा नियम, की दोन दिवस मुलगा न सांगता आला नाही किंवा आठवडाभर नुसतं झाडलोट नाहीतर सामान उचलण्यावर राहिला तर या नंबरवर मेसेज टाका. झाडलोटीची गोष्ट स्वतःहून सांगायला सुपरवायझर तयार होईलच असं नाही, म्हणून तोच प्रश्न मुलालाही दर आठवड्याला विचारा, आज काय शिकलास असं न विचारता या आठवड्यात हातात कुठलं हत्यार घेतलंस असं विचारा. उत्तरावरून लगेच कळतं.

पहिल्या आठवड्यात शिक्षकाने प्रत्यक्ष जाऊन यावं. त्या एका भेटीने सुपरवायझरला कळतं की या पोराच्या मागे कुणीतरी आहे.

विद्यार्थ्यांना निर्णयात घ्यायचं का? ते काय सांगणार?

जरूर घ्यायचं. वरच्या वर्षातली मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना जे सांगू शकतात ते कुठलेही सर सांगू शकत नाहीत. त्यांना खरे निर्णय द्या, वर्कशॉपमध्ये मशीनचे नंबर कसे लावायचे, नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात काय दाखवायचं, कुठल्या कंपनीत शिकायला मिळतं आणि कुठे नुसतं राबवतात याची यादी. शेवटची यादी तर दरवर्षी काढाच आणि पुढच्या वर्षी मुलं पाठवताना ती वापरा.

एक मात्र सांभाळा, मुलांकडून मुलांची खाजगी माहिती काढून घ्यायची नाही. सोबत करणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं.

पालकांचं काय?

तक्रारीचाच फोन गेला तर पालक फोन उचलायचे बंद होतात. पहिला फोन चांगल्या बातमीचा करा, त्याने पहिला जॉब मापात काढला, एवढंच सांगायला. मग अडचणीच्या वेळचा फोन ऐकला जातो. आणि फोन ज्या माणसाने मुलाला काम करताना बघितलंय त्याने करावा, ऑफिसमधून गेलेला फोन वसुलीच्या फोनसारखा वाटतो.

यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

नाही. एक शेअर केलेली शीट पुरते, कागदही चालतो. हजेरी त्याच दिवशी भरली जाणं हे सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाचं आहे, महिनाअखेरीला भरलेल्या हजेरीचा गळतीसाठी शून्य उपयोग. आणि शीटमध्ये घरगुती, आजारपणाचे तपशील लिहू नका, काय करायचं ठरलं तेवढंच लिहा, आणि ती शीट टीमबाहेर जायला नको.

ट्रेड बदलला किंवा दुसऱ्या संस्थेत गेला तर ती गळती धरायची का?

माझ्या मते नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. युरोपियन युनियनमध्ये मोजताना १८ ते २४ वयाचे असे तरुण धरतात ज्यांचं शिक्षण माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावरच थांबलंय आणि जे सध्या कुठलंच शिक्षण किंवा ट्रेनिंग घेत नाहीत, आणि २०३० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरवलंय. म्हणजे तिथे प्रश्न मूल शिकतंय का असा आहे, तुमच्याकडेच शिकतंय का असा नाही.

संस्थेला आकड्याची भीती असली की ती मुलाला नको त्या ट्रेडमध्ये अडकवून ठेवते आणि मग तो पूर्णच जातो. टीमला ट्रेड बदलून देण्याची शिफारस पहिल्या काही आठवड्यांत करता आली पाहिजे आणि प्राचार्यांनी ती शक्यतो मान्य करावी. फिनलंडमध्ये २०१८ पासून व्होकेशनलच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक आराखडा करतात, आधी काय येतं ते धरून पुढचं ठरवतात, त्यामुळे वळण घेणं म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात असं होत नाही. दुसऱ्या संस्थेत जात असेल तर तिथल्या माणसाला फोन करून सांगा की अमुक मुलगा येतोय, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा पोचला का. मधल्या त्या दोन आठवड्यांतच मुलं हरवतात.

आमची संस्था खूप छोटी आहे, चारपाचच शिक्षक. टीम कशी करू?

तुमच्याकडे सगळेच टीम आहेत. मीटिंग मात्र करा, कारण छोट्या ठिकाणी सगळ्यांना वाटतं की आपण रोज बोलतोच, आणि बोललेलं कुठेही लिहिलेलं नसतं.

सोडून गेलेल्याला परत आणता येतं का?

येतं, आपण लवकर त्याच्याकडे गेलो तर. पहिल्या दोनतीन आठवड्यांत ओळखीच्या माणसाने जाऊन विचारलं तर बरीच मुलं परत यायला तयार असतात, त्यांना अडवते ती परत येण्याची लाज आणि बुडालेलं काम. म्हणून परत आल्यावर काय करायचं हे आधी ठरवून जा: बुडालेले जॉब कुठल्या क्रमाने, कुणासोबत, कुठल्या तारखेपर्यंत. पहिल्या दिवशी वर्गासमोर उभं करून कारण विचारायचं नाही, दंड लावायचा नाही. वर्कशॉपमध्ये त्याचा बेंच त्याच्या नावाने ठेवला असेल तर फार बरं.

आणि जो खरंच परत येणार नाही त्याच्याशीही शेवटचं नीट बोला. काय झालं, कधी ठरवलं, तेव्हा कुणी काय केलं असतं तर थांबला असतास. ही उत्तरं टीमसमोर ठेवा, नाव काढून. पुढच्या वर्षी कुठल्या आठवड्यात कुठे बघायचं ते त्यातून कळतं.

फरक दिसायला किती वेळ लागतो?

हजेरीत फरक त्याच सत्रात दिसायला लागतो, विशेषतः पहिल्या वर्षाच्या बॅचमध्ये. कोर्स पूर्ण करणाऱ्यांच्या आकड्यात दिसायला एक पूर्ण बॅच बाहेर पडावी लागते, म्हणजे कोर्स दोन वर्षांचा असेल तर निदान दोन वर्षं. मधल्या काळात प्राचार्य बदलले तर हे सगळं बंद पडण्याची मोठी शक्यता असते, म्हणून अधिकारांचा तो कागद संस्थेच्या नियमांत घालून घ्या आणि टीममधली सगळी माणसं एकदम बदलू नका, दरवर्षी एखाददुसराच बदला. नवीन प्राचार्य आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना मीटिंगला बसवा, काही न समजावता, नुसतं बघायला.